मी इवालूला विचारलं नाही

नवरा समुद्रात गेला त्या सालापासून मी घरात भाडेकरू ठेवते. बर्गनच्या नोर्दनेस भागात, उतारावर माझं लाकडी घर आहे. खाली दोन खोल्या, वर दोन, आणि वरच्या खिडकीतून गोदी दिसते. खलाशी मी ठेवत नाही, ते बूट घालून झोपतात. व्यापारी कंपनीचे कारकून, सुतार, नेमणुकीची वाट बघणारा एखादा पाद्री, अशी माणसं असतात. त्यामुळे कंपनीचे हिशेबनीस फाल्क एका सप्टेंबरात दारात येऊन म्हणाले की ग्रीनलंडच्या वखारीवरून दोन माणसं आणलीत, वसंतापर्यंत ठेवून घ्या, तेव्हा मी एवढंच विचारलं की ती पितात का.

"पाणी पितात," फाल्क म्हणाले. "तेही नाक मुरडून. आपल्या पाण्याला चव नाही म्हणतात."

अशी इवालू माझ्या घरी आली. बरोबर तिचा थोरला भाऊ होता, तुलिमाक. ती तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची असेल. आमच्या जहाजांनी तो किनारा शोधून तिथे वखार घातली त्याला काही वर्षं झाली होती, पण पैसे घालणाऱ्या शहरातल्या बड्या लोकांना तिकडे खरोखर माणसं राहतात, व्यापार होऊ शकतो, बाप्तिस्मा देता येतो, हे डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून ही दोघं. एका हिवाळ्यापुरतं चला, उन्हाळ्यात परत आणून सोडू, असं सांगून त्यांना आणलं होतं. इवालूची दोन वर्षांची मुलगी तिकडे आजीजवळ होती. नवरा आधीच शिकारीत गेलेला.

दोन रविवार तुलिमाकला गोदीत त्याच्या कातडी होडीत बसवलं. तो होडीसकट पाण्यात उलटा व्हायचा आणि दुसऱ्या बाजूने वर यायचा, आणि धक्क्यावरचे लोक टाळ्या पिटायचे. इवालूला सीलच्या कातड्याची विजार घालून एका पेटीवर उभं केलं होतं. बायका तिच्या विजारीला हसल्या. घरी आल्यावर तिने मला खुणांनी विचारलं, त्या बायकांच्या झग्याखालून वारा शिरत नाही का? मी म्हटलं, शिरतो. तर मग हसण्यासारखं त्यांच्याकडे आहे, असा चेहरा तिने केला.

तुलिमाकला पहिल्या थंडीतच खोकला लागला. आमचा पाऊस त्याला मानवला नाही. नाताळच्या आधी तो माझ्या वरच्या खोलीत वारला. पाद्रीबाबांनी शेवटच्या दिवशी त्याच्या डोक्यावर पाणी घातलं. इवालू पायाशी बसून होती. रडली नाही. पण त्यानंतर ती रोज सकाळी वरच्या खिडकीत जाऊन बसायला लागली.

वसंतात जहाज गेलंच नाही. त्या वर्षी कंपनीला दुसरीकडे जास्त गरज होती. फाल्कांनी मलाच तिला सांगायला लावलं. मी तिला म्हटलं, अजून एक हिवाळा. ती म्हणाली, "एक म्हणाले होते." मी म्हटलं, हो, पण आता अजून एक. तिने पुन्हा तेच म्हटलं, "एक म्हणाले होते," आणि भांडं घासायला लागली.

तोपर्यंत ती आमची भाषा बोलायला लागली होती. तिच्या बोलीत अहो-जाहो नव्हतं, म्हणून ती मला, फाल्कांना, पाद्रीबाबांना, सगळ्यांनाच 'तू' म्हणायची. पाद्रीबाबांना एकदा म्हणाली, "तू खूप बोलतोस, म्हणून तुला थंडी वाजत नाही." ते हसले, त्यांच्या बायकोला राग आला. शिवणकाम तर असं, की आमच्या शिंपिणी बघत राहाव्यात. जनावराच्या नसेचा दोरा काढून ती कातडं शिवायची आणि टाका शोधून सापडायचा नाही. माझ्या चीजला ती मेलेला वास म्हणायची. मी तिच्यासाठी सुका मासा राखून ठेवायचे, त्यावर ती माशाच्या तेलाची धार घालून खायची आणि मला म्हणायची, "तुला जेवता येत नाही, मालेने. तू फक्त पोट भरतेस." मला मूल झालं नाही. तिची मला सवय लागली होती, हे खरं आहे. आणि हेही खरं की दुसऱ्या हिवाळ्यात मी थकले. तिचं खाणं बंद झालं. खिडकीतून उठवावी लागायची, न्हाऊ घालावी लागायची. मुलीचं नाव घेऊन झोपेत बोलायची. भाडेकरू कुरकुरायचे. मी त्यांना दटावायचे, पण आतून माझीही कुरकुर चालू होती.

मे महिना लागला आणि जहाज जाणार असं पक्कं झालं. कप्तान ब्रून जाणार होते. ते माझ्या नवऱ्याबरोबर पूर्वी एका जहाजावर होते, शब्दाचे पक्के. त्या दिवसापासून इवालू पुन्हा जेवायला लागली. मुलगी आता किती मोठी झाली असेल ते हाताने हवेत दाखवायची, रोज थोडी वर.

त्याच सुमारास शहरात देवीची साथ सुरू झाली होती. आधी एक-दोन घरं, तीही लांब, खालच्या बाजूला. मला लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या; माझा चेहरा बघितला की कळतं. त्यामुळे मला स्वतःची भीती नव्हती.

इवालूने पाववाल्या आबेलोनेसाठी हातमोजे शिवले होते. ते द्यायला आम्ही दोघी गेलो. जहाज निघायला बारा दिवस होते. आबेलोनेची धाकटी पोर भट्टीमागे गोधडीत पडली होती. इवालूला मुलं दिसली की राहवायचं नाही. तिने पोरीला उचलून मांडीवर घेतलं, गाल तिच्या गालाला लावला, तिच्या बोलीतलं काही गुणगुणायला लागली. मी जवळ गेले आणि पोरीच्या कपाळावर, केसांच्या कडेला पुरळ दिसलं. आबेलोने माझ्याकडे बघत होती. तिची नजर मला कळली. बोभाटा झाला तर दुकान बंद, दारावर पहारा. मी काही बोलले नाही. इवालूला म्हटलं, चल, उशीर होतोय. घरी येताना मनात म्हटलं, लागेलच असं थोडंच आहे.

निघायच्या दिवशी सकाळी ती उठली तीच वाकून. पायरीवर उलटी केली. मी कपाळाला हात लावला आणि माझ्या हाताला कळलं. सात वर्षांची असताना माझी पाठ अशीच दुखली होती, वरून गाडीचं चाक फिरल्यासारखी. ते दुखणं कुणी विसरत नाही.

"मालेने, माझी पाठ अशी का दुखते?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "काल गाठोडी उचललीस ना, म्हणून."

ती लगेच खरं मानून मोकळी झाली. मी तिला घोटभर ब्रँडी दिली, थंड पाण्याने तोंड पुसलं, गालाला चिमटे काढले. थंडीने दात वाजत होते म्हणून माझ्या पलंगावरची जाड लोकरी घोंगडी तिच्याभोवती गुंडाळली. धक्क्यावर कंपनीचा वैद्य उभा होता, प्रत्येकाची जीभ आणि डोळे बघत होता. वारा नुकताच फिरला होता आणि कप्तान घाई करत होते. वैद्याने तिच्याकडे बघून मला विचारलं, हिचे डोळे असे का?

"रात्रभर रडलीय," मी म्हणाले. "दोन वर्षांनी घरी चाललीय."

त्याने मान हलवली आणि पुढच्याकडे वळला.

ती शिडीवरून वर गेली. वरून हात केला नाही, कारण हात घोंगडीत होते. जहाज सुटलं. मी घरी आले आणि दिवसभर वरची खोली धूत बसले.

मी असं का केलं ते मी नंतर स्वतःला हजारदा सांगितलं. मागे राहिली असती तर तिसऱ्या हिवाळ्यात ती मेलीच असती, हे एक. माझ्या घरात देवी निघाल्या असं कळलं असतं तर दाराला फळी ठोकली असती आणि सगळे भाडेकरू गेले असते, हे दुसरं. तिसरंही एक होतं, ते मी बरीच वर्षं स्वतःलाही सांगितलं नाही.

ऑक्टोबरात जहाज परत आलं. कप्तान ब्रून थेट माझ्याकडे आले. त्यांच्या हातात सीलच्या कातड्याचे बूट होते, आतून केस असलेले, माझ्या मापाचे. इवालूने किनाऱ्यावर उतरल्यावर तीन आठवड्यांत शिवून दिले होते. मी ते छातीशी धरले.

कप्तान सांगत गेले. निघाल्यावर तीन दिवसांतच तिच्या अंगावर देवी उठल्या. जहाजावर बाकी सगळ्यांना पूर्वीच येऊन गेलेल्या, फक्त एका तरुण खलाशाला लागल्या, आणि तो गेला. त्याला समुद्रात सोडावं लागलं. इवालू मात्र निभावली. पोहोचेपर्यंत खपल्याही पडून गेल्या होत्या. चेहरा गेला, पण तिला त्याचं काही वाटलं नाही. पाण्यात तोंड बघून म्हणाली म्हणे, "आता मी मालेनेची बहीण दिसते." वखारीवर याबद्दल कुणी बोलायचं नाही असं कप्तानांनी सगळ्यांना बजावलं होतं, नाहीतर माल उतरवू दिला नसता. तिची आई मोठ्या होडीतून तिला न्यायला आली होती. मुलीने तिला ओळखलं नाही, आजीच्या मागे लपली.

"आणि घोंगडी?" मी विचारलं.

"ती समुद्रात टाक म्हटलं होतं मी तिला," कप्तान म्हणाले. "ऐकते कुठं? मालेनेची आहे म्हणाली. मुलीला पांघरायला घेऊन गेली."

मी त्यांना जेवायला वाढलं. ते गेल्यावर बूट पेटीत ठेवले. त्या हिवाळ्यात ते मी एकदाही घातले नाहीत. आजारी माणसाचे कपडे, पांघरुणं आमच्याकडे जाळतात. का जाळतात, ते मला माहीत होतं.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात जहाज आलं, तेव्हा कप्तान माझ्याकडे आले नाहीत. चौथ्या दिवशी मीच त्यांच्या घरी गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि स्वतः उभे राहिले. म्हणाले, किनाऱ्याकडे जाताना एरवी प्रत्येक खाडीच्या तोंडाशी धूर दिसतो, माणसं होड्या घेऊन समोर येतात. या वेळी दोन दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने गेलो, कुठेच धूर नव्हता. कुत्री होती. वखारीवर पोहोचल्यावर तिथल्या पाद्रीबाबांनी सांगितलं. आधी इवालूच्या आईचा तांडा. मग तिथून पळालेले लोक जिथे जिथे गेले ते सगळे तांडे. त्या लोकांना हा आजारच ठाऊक नव्हता. ताप चढला की ते थंड पाण्यात उड्या टाकायचे. शंभरात दहाही उरले नव्हते.

"इवालू?"

"ती आहे. तिला आधीच येऊन गेलेल्या. तंबूतंबूत पाणी नेऊन देत होती."

मुलीचं मी विचारलं नाही. कप्तानांनी मान खाली घातली होती. ते म्हणाले, "त्या वेळी मी जहाजावरून कुणाला उतरूच द्यायला नको होतं." मी म्हटलं, कप्तान, मी तिला चढूच द्यायला नको होतं, मला माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग दाराकडे, त्यांची बायको ऐकते आहे का ते.

मी आमच्या बर्गनच्या पाद्रीबाबांकडे गेले. सगळं नाही सांगितलं, दोन कारणं सांगितली. ते म्हणाले, आयुष्याची दोरी देवाच्या हातात असते, तुम्ही दयेपोटी केलंत, मनाला लावून घेऊ नका. मी फाल्कांकडे गेले आणि म्हटलं की हे कंपनीच्या वहीत लिहून ठेवा. फाल्कांनी दार लावून घेतलं. माणूस म्हणून चांगले होते ते, पण घाबरले. म्हणाले, "मालेनेबाई, लिहिलं तर वैद्याचं नाव येईल, कप्तानांचं येईल, माझं येईल. आणि मेलेले काही उठून बसणार नाहीत." आबेलोनेची पोर वाचली होती, ती आता पावाची टोपली घेऊन गल्लीतून पळायची. आबेलोने मला रस्त्यात दिसली की दुसऱ्या बाजूला जायची, किंवा मी जायचे.

कुणी मला रागवेना. पूर्ण हिवाळा मी वाट बघत होते की कुणीतरी रागवावं.

वखारीवर स्वयंपाकाला बाई हवी होती. बर्फात दोन वर्षं काढायला कोण तयार होणार? मी नाव दिलं. घर बहिणीच्या ताब्यात दिलं आणि मे महिन्यात त्याच धक्क्यावरून चढले. वैद्य दुसरा होता. त्याने माझी जीभ बघितली आणि जा म्हणाला.

सहा आठवडे लागले. वखार म्हणजे चार-पाच लाकडी घरं, एक छोटं चर्च, तेलाची पिंपं, आणि मागे नुसता खडक. इवालू तिथेच, वखारीच्या पाद्रीबाबांच्या घरी कामाला होती. मी होडीतून उतरले तेव्हा ती किनाऱ्यावर कातडं पसरून चंद्रकोरीसारख्या सुरीने खरवडत होती. तिने वर बघितलं. तिचा चेहरा माझ्यासारखाच झाला होता. ती हसली, अगदी पूर्वीसारखी, आणि म्हणाली, "मालेने, तू म्हातारी झालीस." मग उठून तिने तिच्या तेलकट हातांनी माझे दोन्ही कान धरले आणि नाक माझ्या गालाला लावलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मला सहा दिवस लागले. सहा दिवस ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायची, माझ्या पेजेला नावं ठेवायची, पावसाबद्दल विचारायची. मुलीबद्दल ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. सातव्या दिवशी मी चुलीवरचं भांडं उतरवून ठेवलं आणि तिच्यासमोर खाली बसले. आबेलोनेच्या घरापासून सुरुवात केली. पुरळ, पाठ, ब्रँडी, वैद्याला काय सांगितलं, घोंगडी. ती ऐकत होती. मधे एकदा एक शब्द नीट कळला नाही म्हणून तिने तो पुन्हा विचारला.

मग म्हणाली, "तुला माहीत होतं."

"हो."

"मी शिडी चढायच्या आधी."

"हो."

"मला सांगितलं असतंस तर मी चढले नसते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "धक्क्यावर बसून राहिले असते. मेले असते तरी चाललं असतं. ती इकडे होती ना. तू मला का नाही विचारलंस?"

मी म्हटलं, तू तिसऱ्या हिवाळ्यात मेली असतीस असं मला वाटलं. मी म्हटलं, माझं घर बंद झालं असतं. तेव्हा मी तिसरं सांगितलं, जे बर्गनच्या पाद्रीबाबांना सांगितलं नव्हतं.

"मी थकले होते. तुझं रडणं, तुझं ते खिडकीत बसणं, सगळं नकोसं झालं होतं. तू एकदाची जावीस असं वाटत होतं."

तिने मान हलवली. एवढं एकच तिला पटल्यासारखं वाटलं. ती उठली आणि निघून गेली.

नऊ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. समोरून गेली तरी मी तिथे नसल्यासारखी जायची. पाद्रीबाबांच्या बायकोने विचारलं, काय झालं तुमच्यात? मी म्हटलं, माझ्याकडून चूक झाली. त्यांना वाटलं काहीतरी भांड्यांवरून.

दहाव्या दिवशी सकाळी ती दारात उभी राहिली. "तुला वल्ही मारता येतात का?"

मी बर्गनची, म्हटलं येतात. तिने वखारीची लहान होडी मागून घेतली होती. आम्ही दोघी निघालो. अर्धा दिवस वल्हवत होतो आणि त्या सगळ्या वेळात ती फक्त "डावीकडे" आणि "खडक" एवढंच बोलली. एका खाडीत शिरलो. गवत हिरवंगार होतं, इतकं हिरवं मी त्या किनाऱ्यावर दुसरीकडे बघितलं नाही. दगड-मातीची तीन लांबट घरं होती, त्यातल्या दोन घरांची छपरं खचलेली. बाहेर तंबूंच्या काठ्या पडल्या होत्या.

मोठ्या घराच्या मागे दगडांचे दोन ढीग होते. एक मोठा, एक लहान. ते तिने एकटीने रचले होते, आईचा आणि मुलीचा. त्यानंतर तिच्या अंगात ताकद उरली नव्हती, आणि पलीकडच्या तांड्यात अजून जिवंत माणसं होती, तिकडे पाणी न्यायचं होतं. बाकीचे जसे होते तसेच राहिले. कुत्री आणि कोल्हे येऊन गेले होते. पुढे जे होतं ते मी सांगणार नाही. तिथे जमीन खोदता येत नाही, माणसाला दगडांनी झाकतात. तिने मला एक मोठा दगड दाखवला आणि दुसरा स्वतः उचलला.

तीन दिवस आम्ही दगड वाहिले. रात्र नव्हतीच, उजेडातच थोडं पडायचं. माझ्या हातांची सालं निघाली. पहिल्या दिवशी मी एकदा खाली बसले तर ती येऊन माझ्यापुढे उभी राहिली, मी उठेपर्यंत. दुसऱ्या दिवशी तीच मधे थांबली, सुका मासा मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला, आणि पहिल्यांदाच बोलली. प्रत्येक ढिगाजवळ थांबून ती कोण होतं ते सांगायला लागली. हा माझा मामा, याला अस्वलाने पंजा मारला होता. ही याची बायको, खोटं बोलायची पण शिवायची छान. हा नुकता चालायला लागला होता. नाव मात्र कुणाचंच घेतलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली की मेलेल्याचं नाव, ते नवीन जन्मलेल्या मुलाला देईपर्यंत, तोंडाने घ्यायचं नसतं. मूल ते नाव घेऊन आलं की माणूस परत आल्यासारखं होतं.

"आता इतकी नावं पडून आहेत," ती म्हणाली. "आणि घ्यायला मुलंच नाहीत."

एकोणीस माणसं होती. लहान ढिगाजवळ ती मला घेऊन गेली नाही आणि मीही गेले नाही. त्या घोंगडीचा एक कोपरा घराच्या दारात मातीत रुतलेला मला दिसला. मी तो उपटून काढायला वाकले तर ती म्हणाली, "राहू दे."

परत येताना वाऱ्याविरुद्ध वल्हवावं लागलं. वखारीवर पोहोचल्यावर तिने होडी वर ओढली, दोरी बांधली, आणि माझ्याकडे न बघता पाद्रीबाबांच्या घराकडे गेली. माझ्या मनात कुठेतरी होतं की आता ती काही म्हणेल. म्हणाली नाही. पुढच्या उन्हाळ्यात दक्षिणेकडून एक विधुर शिकारी आला, त्याची माणसंही गेली होती. त्याच्या होडीतून ती दक्षिणेला गेली. जाताना पाद्रीबाबांच्या बायकोला भेटली, सुताराला भेटली. माझ्या स्वयंपाकघराच्या दारावरून गेली. मी आत उभी होते.

ठरलेली दोन वर्षं पुरी करून मी बर्गनला आले. घर बहिणीने नीट ठेवलं होतं. भाडेकरू पुन्हा ठेवले. एका वसंतात वरच्या खोलीतल्या सुताराला ताप आला, कंपनीच्या जहाजावर जायला दोन दिवस होते. मी स्वतः वैद्याकडे धावले, माझ्या दाराला स्वतः फळी ठोकून घेतली, आणि निघालं काय, तर खरूज आणि पडसं. जहाज चुकलं म्हणून सुतार अजून माझ्याशी बोलत नाही. गल्लीतले हसले. मी पुन्हा तसंच करेन.

कप्तान ब्रून आता थकले, पण जातात अजून. दर वर्षी मी त्यांच्याबरोबर सुयांची एक पुडी देते, बारीक, उत्तम पोलादाच्या. बरोबर निरोप देत नाही. मागच्या ऑक्टोबरात ते म्हणाले की दक्षिणेच्या खाडीत थांबलो होतो तेव्हा ती दिसली, तिला मूल झालंय, मुलगी, पाठीवर टोपड्यात घालून फिरवते.

मी त्यांना नाव विचारलं. ते म्हणाले, तिने सांगितलं नाही.

"आणि सुया? घेते का?"

"घेते," कप्तान म्हणाले. "काही बोलत नाही, पण घेते."

मी त्यांना पेज वाढली.